लिंबाखालचा पाय

पेटी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर आहे हे मला ठाऊक होतं, म्हणूनच आधी बाकीचं सगळं आवरलं. मलमाच्या चिनीमातीच्या बरण्या, सुया उकळायचं भांडं, उंदरांनी कडा कुरतडलेला डोळे तपासायचा तक्ता, झाकण हरवलेल्या बाटल्या. बाबांचा दवाखाना रिकामा करायला मी परभणीहून राणीसावरगावला आले होते. जागा विकायचं ठरलं होतं. घेणारा पुढे औषधांचं दुकान टाकणार होता आणि मागचं अंगण सगळं सिमेंटचं करणार होता. अंगणात जुना लिंब आहे, तो पाडावा लागेल, असं त्यानं अगदी सहज सांगितलं आणि मीही सहज मान हलवली. घरी गेल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

पेटी शिसवी, कडी पितळेची. आत निळी मखमल, आता राखेच्या रंगावर गेलेली, आणि त्या मखमलीत बसवलेली हाड कापायची करवत. सुताराच्या करवतीपेक्षा लहान, पातं रुंद, दाते बारीक. मूठ काळ्या लाकडाची, आणि घामानं हात निसटू नये म्हणून तिच्यावर आडव्याउभ्या रेघा कोरलेल्या. निजामाच्या अमदानीत या भागात काम केलेल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी गाव सोडताना ती बाबांना दिली होती. लागणार नाही, पण असू द्या, असं म्हणाले होते म्हणे. बाबांना ती एकदाच लागली. त्यानंतर दरवर्षी, पावसाची पहिली मोठी झड ओसरली की बाबा पेटी खाली काढत, शिवणयंत्राच्या तेलात बोळा बुडवून पातं पुसत आणि परत वर ठेवत. बाबा गेल्यावर आईनं ते केलं. आई गेल्यावर मी करते. त्यासाठी दरवर्षी मी गंगाखेडचा पूल ओलांडून येते. कशासाठी, असं माझा मुलगा विचारतो. गंज चढू नये म्हणून, असं मी सांगते, आणि त्याला ते पटत नाही हे मला कळतं.

झाकण उघडलं की तेलाचा वास येतो, मग फिनाईलचा, आणि त्यांच्या मागून कुटलेल्या मिरचीचा. पेटीत मिरचीचा वास कुठून येणार? पण येतो.

आमचं घर आणि दवाखाना यांच्यात एकच दार होतं, आणि त्याला पडदा होता. पडद्याच्या अलीकडे फोडणी, धूप, धाकट्या भावाची लंगोटं. पलीकडे टिंक्चर आयोडिन, स्पिरिट, आणि बाकावर बसलेल्या माणसांच्या ओल्या घोंगड्या. बाजाराच्या दिवशी पलीकडचा वास इतका वाढायचा की आई पडद्याखाली ओलं पोतं सरकवायची. बाकावरची माणसं हळू बोलत. एखादा कण्हायचा आणि दुसरा त्याला शेजारी असल्यासारखा तंबाखू मळून द्यायचा. बाबा रागीट होते, पण आजाऱ्यावर रागावत नसत. आजाऱ्याला उशिरा आणणाऱ्यावर रागावत.

त्या पावसाळ्यात झड लागली ती सुटेचना. गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर, वाटेवरचे ओढे भरलेले, आमचा कंपाउंडर गंगाखेडला बहिणीकडे अडकलेला. अशात मन्मथअप्पांना बाजेवर घालून आणलं. बाजारपेठेत त्यांचं गुळाचं दुकान होतं. आम्ही मुलं पेठेतून जाताना ते गुळाच्या भेलीचा टवका काढून हातावर ठेवायचे, आणि कुणी दुसऱ्यांदा हात पुढे केला की त्याच हातावर हलकी टिचकी मारायचे. उजवा पाय गुडघ्याच्या खाली काळा पडला होता. घरात आधी वास आला, मग माणसं आली. बाबांनी पाय पाहिला, बाहेर येऊन पाऊस पाहिला आणि आईला पाणी उकळायला सांगितलं.

अप्पांचा थोरला भाऊ तालमीतला गडी, त्याला कंदील धरायला आत घेतलं होतं. थोड्याच वेळात तो धाडकन पडला आणि त्यालाच बाकावर निजवावं लागलं. कंदील मग अप्पांच्या बायकोनं धरला, शेवटपर्यंत. नंतर गावात कुणी त्या भावाची कुस्ती काढली की माणसं हसायची. त्या दुपारी कुणी हसलं नाही.

पडद्याच्या अलीकडे आईनं आम्हा भावंडांना चुलीपाशी बसवलं. मग लोखंडी खलबत्ता पुढे ओढला, परातीतल्या सुक्या मिरच्या आत टाकल्या आणि कुटायला लागली. पावसाळ्यात कुणी मिरची कुटत नाही, हे मलाही कळत होतं. पण ती कुटत राहिली, जोर लावून. घर ठसक्यानं भरलं. आम्ही शिंकत होतो, डोळे चोळत होतो, भाऊ रडत होता आणि आई कुटत होती. तरीही दोन घावांच्या मधे तो आवाज यायचाच. आजही कुठे लाकूड कापत असतील तर मला काही होत नाही, पण खलबत्त्याचा आवाज ऐकवत नाही. माझ्या घरात खलबत्ता नाही.

संध्याकाळी पाऊस थांबला. अप्पा जिवंत होते, पण शुद्धीवर नव्हते. कापलेला पाय बाबांनी स्वच्छ धुतला, नव्या धोतराच्या पांढऱ्या कापडात गुंडाळला, घरातल्या तुराट्या आणि बाभळीची लाकडं पोत्यात भरली, घासलेटचा डबा घेतला आणि एकटेच गावाबाहेर स्मशानात गेले. तिथे पत्र्याखाली जागा कोरडी होती. तिथे त्यांनी त्या पायाचं दहन केलं. राख ओढ्याच्या पुरात सोडली. घरी येऊन अंगणातच डोक्यावरून पाणी घेतलं आणि आईला म्हणाले, माणसाचा अवयव आहे, उकिरड्यात कसा टाकायचा? रीतसर करून आलो. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, असं आई सांगायची. त्या दिवशी त्यांनी एक माणूस वाचवला होता आणि त्याच्या पायाचाही मान राखला होता.

आमच्यात जाळतात. आमच्या सगळ्या गणगोतात जाळतात. मेलेल्या अंगाचं दुसरं काही करतात, हे बाबांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्या संध्याकाळी ते त्यांच्या मनात आलं नाही, एवढंच.

सकाळी अप्पांची बायको पडद्यापाशी आली. रात्रभर बसून तिचे डोळे सुजले होते, पण कपाळावरचं भस्म ताजं होतं. ती बाबांच्या पाया पडली आणि म्हणाली,

"डॉक्टरसाब, पाय कुठं ठिवलाव? आमाला मळ्यात पुरायचा हाय."

बाबांनी विचारलं, पुरायचा कशाला?

"आमच्यात माणसाला मांडी घालून बसिवत्यात, समाधीत," ती म्हणाली. "हातात लिंग देऊन. यांचा वखत येईल तवा पाय काढून जोडीला ठिवावा लागंल. न्हाईतर मांडी कशी व्हईल?"

मी पडद्याच्या कडेला होते. मागे आईनं तवा चुलीवरून उतरवला. बाबा म्हणाले, "पुरला आहे. मागं, लिंबाखाली."

माझ्या माहितीत बाबा आयुष्यात एवढंच एक खोटं बोलले. ती बाई हात जोडून अंगणात गेली आणि लिंबाच्या मुळाशी डोकं टेकून आली. त्यांचे लिंगायत स्वामी आले, त्यांनी जागा पाहिली आणि सांगितलं की एकदा भुईला दिलेलं उगाच उकरू नका, वेळ येईल तेव्हा न्या. एक चपटा दगड ठेवला, त्याला भस्म लावलं, बेलाचं पान वाहिलं. त्या रात्री बाबा जेवले नाहीत आणि आईनंही त्यांना वाढलं नाही.

अप्पा बरे झाले. कुबडी घेऊन पेठेत बसायला लागले, भेलीचे टवके परत सुरू झाले, टिचकीही. पण दर सोमवारी सकाळी अंगणात कुबडीचा आवाज यायचा. अप्पा तांब्या भरून आणायचे, दगडापाशी उभे राहायचे आणि बारीक धारेनं पाणी घालायचे. बाबांनी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पाय लय पोळायलाय, डॉक्टरसाब. अंगठ्यापून सुरू व्हतंय. पाणी घातलं की गार पडतंय."

बाबांनी त्यांना समोर बसवून समजावलं. पाय गेला तरी त्याच्या मज्जातंतूंची टोकं वर जागी असतात, मेंदूला वाटतं पाय आहे, असं होतं, बऱ्याच लोकांना होतं. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं, तुमी म्हणता ते बरूबर म्हणाले, आणि पुढच्या सोमवारी तांब्या घेऊन आले.

आईनं मला जे सांगितलं ते फार उशिरा, माझं लग्न झाल्यावर, बाबा घरात नसताना. त्या संध्याकाळी अप्पांच्या उशाशी तीच बसली होती. पाऊस थांबला, बाबा पोतं घेऊन गेले, आणि बऱ्याच वेळानं अप्पा गुंगीतच ओरडले की पाय पोळतोय, विझवा. आईला वाटलं ताप आहे. तिनं कपाळावर पट्टी ठेवली. नंतर बाबा आले, त्यांच्या अंगाला धुराचा वास होता, आणि तिनं मनात वेळेचा मेळ घातला. तो तिनं बाबांना कधीच सांगितला नाही. तुझ्या बाबांना झोप लागली नसती, असं म्हणाली. मला मात्र सांगितला, आणि मग माझी झोप गेली.

लिंबाखालची ती जागा उन्हाळ्यातही ओली असायची. तिथे सब्जा उगवला, आपोआप. आम्ही अंगणभर खेळायचो, पण चेंडू तिकडे गेला की कुणी आणायला जायचं नाही. आम्हाला कुणी मनाई केली नव्हती. हळूहळू गावातल्या बायका गुडघे दुखायला लागले की आधी लिंबाखाली तांब्या ओतायच्या आणि मगच दवाखान्यात यायच्या. काही तर तिथूनच परस्पर घरी जायच्या. आपल्याच खोट्यापुढे बाबांचा दवाखाना मागे पडायला लागला. आई एकदा चिडवून म्हणालीही की आता तुम्हीच पुजारी व्हा. बाबा हसले नाहीत. ते खिडकी लावून घ्यायचे. पण पाणी पडल्याचा आवाज बंद खिडकीतूनही येतो.

ऋतू गेले. ज्वारीची कणसं भरली की हुरड्याचा धूर शिवारातून यायचा आणि बाबा त्या दिवसांत संध्याकाळी घराबाहेर पडत नसत. पावसाळा आला की पेटी खाली यायची. शेवटच्या आजारात त्यांची शुद्ध हरपत चालली होती. आठवड्यातला कुठलाही वार असो, ते मला म्हणायचे, "मागं कोण पाणी घालतंय, बघ गं." मी बघून यायचे. कुणी नसायचं. मी सांगायचे, कुणी नाही बाबा. ते म्हणायचे, "आहे. त्याला सांगायचं राहिलं." मग बाबा गेले. आम्ही त्यांना त्याच पत्र्याखाली नेलं. अप्पा कुबडीवर आले होते, चिता पेटेपर्यंत उभे होते आणि मधेच वाकून नसलेल्या पायाच्या जागी धोतर चाचपत होते.

दवाखाना आवरायला घेतला त्याच दिवशी अप्पांचा मुलगा शिवराज आला. आता पेठेतलं दुकान तोच बघतो. माझ्यापेक्षा लहान, मला ताई म्हणतो. अप्पा फार थकलेत, म्हणाला. अन्न सोडलंय. जागा विकली हे त्यांच्या कानावर गेलंय आणि एकच धोशा लावलाय की सिमेंट पडायच्या आत पाय काढून आणा. उद्या गडी घेऊन येऊ का, असं तो विचारत होता.

मला हो म्हणता आलं असतं. खणून काही निघालं नसतं, मातीत विरलं म्हणता आलं असतं, इतक्या वर्षांनी कोण काय म्हणणार? पण हाडं विरत नाहीत हे त्यांच्या घराला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ते रिकाम्या खड्ड्यात बघत राहिले असते, आणि अप्पा मांडीची चिंता घेऊनच गेले असते. मी म्हटलं, आधी मी अप्पांना भेटते. पेटी काखेत मारली. का घेतली ते सांगता येत नाही. ती एकटी ठेवून निघवेना.

दुकानाच्या मागच्या खोलीत बाजेवर अप्पा होते. गुळाचा आणि चिंचेचा तोच वास. देह इवलासा झाला होता, आवाज मात्र पेठेतलाच. मला ओळखलं. "डॉक्टरसाबाची पोर," म्हणाले, आणि उशाखाली चाचपून गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला. तो खडा हातात धरूनच मी बोलले. लिंबाखाली काही नाही. बाबांनी पाय जाळला होता. आमच्यात जाळतात म्हणून. मानानं जाळला, पण जाळला.

शिवराज ताडकन उठला. "म्हंजे इतकी वर्षं आमी..." अप्पांनी हात वर केला, तसा तो थांबला.

"कवा जाळला?" अप्पांनी विचारलं.

"त्याच संध्याकाळी. पाऊस थांबल्यावर."

अप्पांनी गोधडीच्या त्या सपाट जागेवर, जिथे पाय नव्हता तिथे, तळवा ठेवला.

"मंग खरंच पोळत व्हता की," ते म्हणाले. "लोकं म्हणायची, मन्मथ येडा झालाय, नसल्याला पाय पोळायलाय म्हणतंय. मला बी वाटायचं, डोस्कं फिरलं का काय आपलं." त्यांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी ओघळून कानात गेलं. "खरंच पोळत व्हता."

मी रडले. बाबांसाठी रडले, आईसाठी, आणि या माणसानं इतकी वर्षं स्वतःलाच वेडा समजून काढली यासाठी. मग मी विचारलं, तिथे काही नव्हतं, तर पाणी घातल्यावर गार कसं पडायचं? ते म्हणाले, "ते मला न्हाई मालूम बाई. पडायचं, एवढं खरं."

त्यांनी करवत मागितली. मी पेटी उघडली. दात्यांवरून बोट फिरवत ते म्हणाले की बारीक हाय की. मग वास घेतला आणि हसले. त्या दिवशी बेशुद्धीत जाता जाता त्यांना मिरचीचा ठसका आला होता म्हणे. डॉक्टराच्या घरी पावसाळ्यात मिरची कोण कुटायलंय, असं मनात आलं आणि मग काही कळलं नाही. मी सांगितलं, आई कुटत होती, आम्हाला आवाज येऊ नये म्हणून. त्यांनी मान हलवली. "चांगली बाई," म्हणाले.

शिवराज भिंतीला टेकून खाली बसला होता. मांडीचं काय, असं तो हळूच म्हणाला. अप्पांनी डोळे मिटले, आम्हाला वाटलं झोप लागली. मग म्हणाले, "पाय नसंल तितं. पण पाणी माझ्या हातचं मुरलंय. ती माती आणा. तिचाच पाय करा."

त्यांच्या स्वामींना विचारलं. त्यांनी थोडा विचार केला आणि हरकत नाही म्हणाले. शिवराजनं गडी आणला नाही, स्वतःच खणलं. दगड बाजूला ठेवला. वर उन्हाळा होता, पण हातभर खाली माती काळी आणि ओली निघाली. तो आपल्या दुकानाच्या ओट्यावर ती मळत बसला. गावातली माणसं येऊन बघून जात होती, कुणी काही विचारत नव्हतं. त्यानं आधी डावा पाय केला. आपल्या पायाकडे बघून केला, तो नेमका डावा पुढे होता. पाहायला आलेल्या एका म्हातारीनं ते दाखवलं, तेव्हा तो कपाळाला मातीचा हात लावून बसला. मग मोडून परत मळला. या खेपेला अंगठा फार जपून केला.

तो पाय त्यानं नेऊन अप्पांना दाखवला. अप्पांनी पाहिला आणि त्या रात्री थोडी कण्हेरी, ज्वारीची पातळ पेज, प्यायले. चार दिवसांनी शिवराजचा फोन आला की अप्पा गेले. मी मळ्यात पोचले तेव्हा खड्डा तयार होता. अप्पांना खड्ड्याच्या भिंतीला टेकवून बसवलं होतं, डाव्या तळहातात इष्टलिंग, कपाळभर भस्म. स्वामींनी मातीचा पाय डाव्या पायावर ठेवला आणि मांडी पुरी झाली. मग बेलाची पानं, भस्म, आणि माती. मी बांधावर उभी होते. आमच्यातलं कुणी असं बसून जात नाही, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की बसून जाणं बरं.

परतताना शिवराज माझ्यासोबत रस्त्यापर्यंत आला. अप्पांचा एक निरोप होता. गेल्या चार दिवसांत ते तो पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि बाबा नाहीत याचं भान कधी राहायचं, कधी नाही. शिवराज म्हणाला, "ताई, अप्पा म्हणायचे, डॉक्टरसाबाला सांगा, पाय गार पडला."

दवाखान्यात आले. कपाटं रिकामी, बाक कुणी तरी नेला होता, दाराला पडदा नव्हता. मागे लिंबाखाली उघडा खड्डा दिसत होता. सोबत आणलेली पेटी मी टेबलावर ठेवली, उघडली आणि बाबांना निरोप सांगितला, मोठ्यानं, आजारी माणसाला सांगतात तसा. "बाबा, पाय गार पडला." खोलीत मिरचीचा वास नव्हता. बाटलीत अजून तेल होतं. करवतीला ते न लावताच मी पेटी मिटली.